'द्वैभाषिक' पाटी आणि पाचवीचा विज्ञानाचा तास

पत्र थोडक्यात असं आहे: "नवऱ्याला परदेशात तीन वर्षांची नेमणूक मिळाली आहे. पुढे वाढेल की नाही, कोणीच सांगत नाही. लेक साडेपाच वर्षांची. घरी मराठी, बालवर्गात थोडंफार इंग्रजी. तिकडच्या दोन आंतरराष्ट्रीय शाळा पाहून ठेवल्या आहेत. एक स्वतःला द्वैभाषिक म्हणवते: निम्मं शिक्षण इंग्रजीत, निम्मं तिथल्या भाषेत. दुसरी सरळ इंग्रजी माध्यमाची, तिथली भाषा रोज एक तास. नवरा म्हणतो पहिलीच घेऊ, या वयात मुलं भाषा टिपकागदासारखी टिपतात. सासूबाई म्हणतात, आधीच उशिरा बोलायला लागली, तीन भाषांत पोर गोंधळून जाईल. मला कुणाचंच पूर्ण पटत नाही. शाळा निवडताना नेमकं बघू तरी काय?" – साडेपाच वर्षांच्या मुलीची आई

आधी सासूबाईंच्या शंकेचं बघू. तिचं उत्तर सोपं आहे, आणि ते मिळालं की घरातला निम्मा वाद मिटेल.

त्यांना वाटतं ते काही अडाणीपणाचं नाही. एके काळी मानसशास्त्रज्ञही हेच सांगत होते. जुन्या चाचण्यांमध्ये दोन भाषांची मुलं मागे दिसायची. पण ती बहुतेकदा गरीब, नुकत्याच स्थलांतर केलेल्या घरांतली असायची आणि त्यांची तुलना सुखवस्तू मुलांशी व्हायची, हे कुणी फारसं लक्षात घेतलं नव्हतं. 1962 मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या माँट्रिअलमधली दहा वर्षांची मुलं घेतली, घरची परिस्थिती सारखी आहे ना हे बघितलं आणि मग चाचण्या घेतल्या. दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलं मागे तर नव्हतीच, बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. पुढे ती किती पुढे असतात यावर पुष्कळ वाद झाले, अजून चालू आहेत. पण जास्त भाषांमुळे मूल उशिरा बोलतं किंवा गोंधळतं, असं आता या विषयातलं कुणी जाणकार म्हणत नाही. एका वाक्यात तीन भाषांचे शब्द आले तर तो गोंधळ नसतो. हाताशी जो शब्द आहे तो मूल वापरतं, इतकंच. आपण मोठे दिवसभर दुसरं काय करतो?

मात्र सासूबाईंच्या बोलण्यातली एक गोष्ट बाजूला काढून ठेवा: 'उशिरा बोलायला लागली'. आज तिची मराठी कशी आहे? घडलेली गोष्ट क्रमाने सांगते का, परक्या माणसाला तिचे उच्चार कळतात का, दोन-तीन सूचना एकदम दिल्या तर लक्षात राहतात का? हे सगळं होत असेल तर तो विषय संपला. होत नसेल तर निघायच्या आधी, मराठी समजणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवून घ्या आणि अहवाल बरोबर ठेवा. मुलाला भाषेची खरी अडचण असेल तर ती घरच्या भाषेतही दिसते. नव्या शाळेत ती नव्या भाषेच्या मागे लपते. शिक्षक सद्भावनेने म्हणत राहतात, 'नवीन आहे, येईल हळूहळू', आणि वर्ष निघून जातं. कुणी उपाय म्हणून मराठी बंद करा असं सुचवलं, तर त्यांचा सल्ला तिथेच थांबवा.

आता नवऱ्याचा टिपकागद.

माझा मुलगा सहाव्या वर्षी अशाच एका शाळेत गेला. पहिले चार महिने शाळेत जवळजवळ गप्प. (तुमचीही गप्प बसेल. घरी भरभरून बोलत असेल तर काही आठवडे, काही महिने वाट बघा. मुलं आधी ऐकून साठवतात.) दीड वर्षात तो दोन्ही भाषांत भांडायला लागला, विनोद करायला लागला, शेजाऱ्यांसमोर माझे उच्चार सुधारायला लागला. मी खूश. आणि तिसरीत गणितात नापास होण्याची वेळ आली. बेरीज-वजाबाकी त्याची पक्की होती. अडत होतं ते 'पेक्षा तीनने कमी', 'प्रत्येकी', 'उरलेल्यांपैकी निम्मे' यांच्यापाशी. मैदानावर असले शब्द कुणी वापरत नाही. शाळेने आम्हाला सांगितलं, त्याचं गणित कच्चं आहे. आम्ही मूर्खासारखी गणिताची शिकवणी लावली.

कॅनडातले द्वैभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये हा फरक नीट मांडला. गप्पांची भाषा वेगळी आणि पुस्तकाची, विचार करायची, कारण द्यायची भाषा वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसऱ्या भाषेत वयाच्या बरोबरीला यायला पाच वर्षं तरी लागतात, अनेकदा सातही. टिपकागद पहिलीला लागू आहे. दुसरी टिपली जात नाही. ती कुणीतरी शिकवावी लागते आणि मुलाने वाचावी लागते.

तुमचा करार तीन वर्षांचा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा म्हणजे तुमच्या निवडीतली खरी मेख कळेल. निम्म्या-निम्म्या शाळेतून तीन वर्षांनी बाहेर पडलात तर तिच्या हाती काय असेल? तिथल्या भाषेत फाडफाड गप्पा, ज्या देश सोडल्यावर वर्षभरात विरायला लागतील; इंग्रजीत वयापेक्षा थोडं मागे असलेलं वाचन; आणि मराठीत कदाचित अक्षरओळखही नाही. यात भयंकर काही नाही, मुलं यातून सावरतात. पण माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं, म्हणून मी लिहिते आहे.

द्वैभाषिक शाळांच्या पालकसभेत बहुधा कॅनडातल्या सेंट लँबर्टची गोष्ट सांगितली जाईल. क्वेबेकमधलं हे उपनगर. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांना वाटलं, आजूबाजूला सगळे फ्रेंच आणि आपल्या मुलांना ती धड बोलता येत नाही. त्यांनी मागे लागून 1965 मध्ये बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला. मुलं सुरुवातीला इंग्रजी वाचनात मागे पडली, इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर काही वर्षांत बरोबरीला आली, आणि गणित फ्रेंचमधून शिकूनही कच्चं राहिलं नाही. गोष्ट खरी आहे, या क्षेत्रातली सगळ्यात जास्त अभ्यासलेली आहे. फक्त तिचा अर्धा भाग सांगायचा राहतो. एक तर, त्या मुलांना फ्रेंच समजायला आणि वाचायला जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं यायचं, पण बोलण्या-लिहिण्यात फरक राहायचा, कारण वर्गात शिक्षक सोडला तर फ्रेंच असं कुणी नव्हतंच. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं: त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. घरी इंग्रजी, टीव्हीवर इंग्रजी, वाचनालयात इंग्रजी, पुढच्या नोकरीतही इंग्रजी. शाळेने ती थोडी दुर्लक्षिली तरी तिला धक्का लागणार नव्हता.

तुमच्या लेकीची पहिली भाषा या शाळेच्या दोन भाषांत नाहीच. शाळेच्या हिशेबात ती द्वैभाषिक, तुमच्या घरच्या हिशेबात त्रैभाषिक, आणि तिसरीचा भार एकट्या तुमच्यावर. दोन्ही नव्या भाषांसाठी एकाच वेळी उडी मारणारं मूल आणि घरून एक भाषा पक्की घेऊन आलेलं मूल या वर्गात शेजारी बसतील. वर्गातली बहुतेक मुलं दुसऱ्या प्रकारची असतील, तर शाळेची गती त्यांच्यासाठी ठरलेली असेल. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर हे थेट विचारा: दोन्हींपैकी एकही भाषा घरी न बोलणारी किती मुलं तुमच्याकडे आहेत, आणि पाचवीत पोचेपर्यंत त्यांचं काय होतं?

'द्वैभाषिक' या शब्दाचं म्हणाल तर तो ताणाल तितका ताणतो. अमेरिकेतल्या मायामीत 1963 मध्ये कोरल वे नावाच्या सरकारी शाळेत निम्मी मुलं क्यूबातून आलेल्या स्पॅनिश घरांतली, निम्मी इंग्रजी घरांतली, दिवसाचा निम्मा भाग एका भाषेत, निम्मा दुसरीत, असा प्रयोग झाला. दोन्हीकडची मुलं एकमेकांची भाषा रोज कानांवर घेत होती. हीही द्वैभाषिक शाळा. आणि माझ्या मुलाच्या आधीच्या शाळेत आठवड्याला चार तास गाणी, रंगकाम आणि सणांच्या नकला दुसऱ्या भाषेत. तीही स्वतःला द्वैभाषिकच म्हणायची. फरक कळायला एकच कागद पुरतो, तो म्हणजे वेळापत्रक. माहितीपत्रक नको, संकेतस्थळ नको. चालू वर्षाचं, तिसरीचं आणि सहावीचं वेळापत्रक मागा. भाषा हा *विषय* म्हणून शिकवतात की त्या भाषे*तून* विषय शिकवतात, ते लगेच दिसतं. दुसऱ्या भाषेच्या वाट्याला फक्त चित्रकला, संगीत, खेळ आले असतील तर ती भाषा शाळेच्या लेखी सजावट आहे. गणित किंवा विज्ञान किंवा इतिहास, यांतलं काहीतरी त्या भाषेत असायला हवं. पहिलीला निम्मं-निम्मं आणि सहावीला सगळं इंग्रजीत, असंही पुष्कळ ठिकाणी असतं, कारण पुढच्या परीक्षा इंग्रजीत असतात. हे वाईट नाही, पण ते तुम्हाला आत्ता कळायला हवं.

शाळा दाखवायला नेतील तेव्हा बालवर्गात नेतील. तिथे सगळं गोड असतं, सगळ्या शाळांत असतं. तुम्ही म्हणा, पाचवीचा वर्ग बघायचा आहे, आणि भाषेचा तास नको, विज्ञानाचा दाखवा, दुसऱ्या भाषेतला. मागच्या बाकावर वीस मिनिटं बसा. भाषा कळली नाही तरी चालेल, बघायच्या गोष्टी डोळ्यांना दिसतात. मुलं पूर्ण वाक्यात उत्तर देतात की एकेका शब्दात? वहीत स्वतःचं चार ओळींचं लिखाण आहे की फळ्यावरून उतरवलेलं? शिक्षिका तीच गोष्ट दोन्ही भाषांत आलटून पालटून सांगते का? हे शेवटचं विशेष बघा. ऐकायला छान वाटतं, कुणी मागे राहत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात मूल हुशार असतं, आपल्या सोयीच्या भाषेची पाळी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघतं. तिथली भाषा शिकवणारी बाई पूर्ण शिक्षिका आहे की इंग्रजी शिक्षिकेची मदतनीस, हेही विचारून घ्या. पगार आणि मान कुणाला जास्त, ते मुलांना बरोबर कळतं, आणि भाषेची किंमतही ती त्यावरूनच ठरवतात.

मग मधल्या सुट्टीपर्यंत थांबा. घाई आहे असं सांगून लोक इथेच निघून जातात. शाळेची खरी भाषा मैदानावर असते. सगळी मुलं इंग्रजीत ओरडत असतील तर वर्गात काहीही असो, तुमची मुलगी वर्षभरात इंग्रजी बोलेल आणि दुसरी भाषा गृहपाठापुरती राहील. उलटही होतं: सगळी स्थानिक मुलं, नावापुरती आंतरराष्ट्रीय शाळा, आणि तुमची मुलगी पहिले सहा महिने कोपऱ्यात. एखादं पोर पडून रडत असेल तर शिक्षक त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, तेही बघा.

शिक्षक किती वर्षं टिकतात हे विचारायला संकोचू नका. आंतरराष्ट्रीय शाळांतले परदेशी शिक्षक बहुधा दोन वर्षांच्या कराराने येतात, आणि बरेच जण करार संपला की पुढच्या देशात जातात. बदली होणारच, पण दर वर्षी निम्मा कर्मचारीवर्ग नवा असेल तर द्वैभाषिक धोरण कागदावर राहतं, कारण ते चालवणारं माणूसच जागेवर नसतं.

'आंतरराष्ट्रीय' या शब्दावर फार वेळ घालवत नाही. पुष्कळ देशांत हा शब्द कुणीही पाटीवर लिहू शकतं. अभ्यासक्रम कोणता ते बघा. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) म्हणत असतील तर शाळा मान्यताप्राप्त आहे की अजून 'कँडिडेट', म्हणजे मान्यतेच्या वाटेवर आहे, ते आयबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा; प्राथमिक वर्गांना मान्यता आहे आणि वरच्यांना नाही, असंही असतं, कारण प्रत्येक टप्प्याची मान्यता वेगळी घ्यावी लागते. ब्रिटिश पद्धतीची असेल तर सोळाव्या वर्षी आयजीसीएसई आणि अठराव्या वर्षी ए लेव्हल या परीक्षा असतात. तुमची मुलगी साडेपाच वर्षांची आहे. आत्ता एवढंच महत्त्वाचं, की तीन वर्षांनी जिथे जाल तिथे हाच अभ्यासक्रम मिळण्याची शक्यता किती. आणि फीच्या तक्त्याच्या खालच्या बारीक अक्षरांत भाषेच्या जादा तासांचे वेगळे पैसे आहेत का बघा. बऱ्याचदा असतात. हे जादा तास मुलीला गणिताच्या तासातून उठवून घेतात की वर्गातच दुसरी शिक्षिका शेजारी बसते, हेही त्याच वेळी विचारा. वर्गातून उठवून नेलं तर भाषा येते आणि गणित जातं.

मराठीचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही. मला तेच जास्त खटकलं.

युरोपियन स्कूल्स नावाची शाळांची एक साखळी आहे. आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या, कोळसा-पोलाद समुदायाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी 1953 मध्ये लक्झेंबर्गला सुरू झाली. तिथे मूल शक्यतो आपल्या मातृभाषेच्या विभागात शिकायला लागतं, दुसरी भाषा पहिलीपासून असते, आणि इतिहास-भूगोल दुसऱ्या भाषेतून यायला लागतात ते थेट माध्यमिक वर्गांत. म्हणजे अनेक भाषा हेच ज्यांचं काम, त्यांनीही आधी घरची भाषा घट्ट केली. यामागे भावना कमी आणि व्यवहार जास्त आहे. 'कारण', 'तरीही', 'जर-तर' या कल्पना एका भाषेत पक्क्या बसल्या की दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शिकायचे राहतात. वाचनाचंही तसंच. तुमची मुलगी निघण्याआधी मराठी वाचायला लागली तर वाचणं म्हणजे काय हे तिला कळलेलं असेल. पुढे लिपी बदलेल, कौशल्य नाही. तुमच्याकडे निघायला जे महिने आहेत ते तिथल्या भाषेच्या ऑनलाइन शिकवणीत घालवू नका. रोज वीस मिनिटं मराठी वाचा.

शाळेला हेही विचारा की घरच्या भाषेसाठी ती काय करते. आयबीच्या डिप्लोमा टप्प्यावर, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, शाळेत शिकवली न जाणारी मातृभाषाही साहित्याचा विषय म्हणून शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासायची सोय आहे. ती वेळ तुमच्यावर दहा वर्षांनी येईल, पण मुख्याध्यापक या प्रश्नावर काय म्हणतात यावरून शाळा ओळखता येते. 'घरी इंग्रजी बोला म्हणजे लवकर रुळेल' असं कुणी म्हणालं, तर मी त्या शाळेवर फुली मारेन, मग तिचं मैदान कितीही मोठं असो. मोडक्यातोडक्या भाषेत आईशी बोलून मूल मोडकीतोडकी भाषाच शिकतं.

तर निवड. करार तीन वर्षांचाच आहे असं धरून चालत असाल तर मी दुसरी शाळा घेईन: इंग्रजी माध्यम, तिथली भाषा रोज एक तास, शिवाय संध्याकाळी खेळायला स्थानिक मुलांत. तिला दोन नव्या भाषांतून एकाच वेळी वाचायला शिकावं लागणार नाही. नेमणूक वाढण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे असं नवऱ्याला मनापासून वाटत असेल, आणि पाचवीच्या विज्ञानाच्या तासाला मुलं पूर्ण वाक्यांत बोलताना दिसली, तर पहिली शाळा घ्या आणि निदान सहा वर्षं तिथून हलवू नका. पहिल्या शाळेत घालून दोन वर्षांनी 'इंग्रजी मागे पडतंय' म्हणून दुसरीत हलवायचं, हा पर्याय मात्र यादीत ठेवू नका. मागे पडलेली भाषा वर यायच्या बेतात असते नेमकी तेव्हाच पालकांचा धीर सुटतो. माझाही सुटला होता.

एक शेवटची गोष्ट. प्रवेशाच्या फॉर्मवर 'घरी बोलली जाणारी भाषा' असा रकाना असतो. प्रवेश सोपा व्हावा म्हणून बरेच पालक तिथे इंग्रजी लिहितात. तुम्ही मराठी लिहा. मुलीला आधाराचे तास द्यायचे की नाही, हे शाळा त्या रकान्यावरून ठरवते. इंग्रजी लिहिलंत, तर चार महिने गप्प बसलेली मुलगी त्यांना लाजाळू वाटेल, किंवा मंद.